बाबा पडतो म्हणून

बाबा: दार उघडं राहिलं तर चालेल ना, सिस्टर?

सिस्टर: बाहेर बाकावर माणसं बसलीत. त्यांना तुमची पोटरी बघायची हौस नसेल. नुसतं लोटलंय, कडी नाही लावली.

बाबा: तसं नाही हो. जरा हवा यावी म्हणून.

भिंगरी: हवेसाठी नाही, सिस्टर. पळायला. आईने सांगितलंय, बाबा दाराकडे गेला की मोठ्याने हाक मार.

सिस्टर: अच्छा, म्हणजे तुला राखणीला पाठवलंय. नाव काय तुझं?

बाबा: भिंगरी म्हणतो आम्ही. घरात एका जागी बूड टेकत नाही. आज कशी काय गप्प बसलीय, कोण जाणे.

सिस्टर: आणि हिची आई?

बाबा: ड्यूटी आहे तिची. फाटकापर्यंत सोडून गेली. मला नाही, हिला बजावून गेली.

सिस्टर: शहाणी आहे. पँट गुडघ्यापर्यंत वर घ्या. अजून. हं. कुत्र्याने चांगलंच धरलं होतं की तुम्हाला. कालचं ना हे?

बाबा: काल संध्याकाळी. हिला शाळेतून आणत होतो. पण मी साबणाने धुतलंय, अगदी स्वच्छ.

सिस्टर: लगेच?

बाबा: लगेच म्हणजे... घरचे सगळे झोपल्यावर.

सिस्टर: झोपल्यावर का?

बाबा: बायकोला दिसलं असतं तर तिने तेव्हाच इथे ओढत आणलं असतं.

सिस्टर: मग आज कसं कळलं तिला?

भिंगरी: बाबाने पँट बादलीत लपवली होती. सकाळी पाणी लाल झालं.

सिस्टर: कुत्रं कोणाचं होतं?

बाबा: पाळलेलं असणार. गळ्यात पट्टा होता बहुतेक. पाळलेल्याला सगळं टोचलेलं असतं ना? म्हणजे मग आपल्याला काही गरज...

भिंगरी: पट्टा नव्हता, बाबा.

बाबा: होता गं. तुला दिसला नसेल.

भिंगरी: नव्हता. तोंडातून लाळ गळत होती आणि ते वाकडं वाकडं चालत होतं. तूच म्हणालास, पळ.

सिस्टर: अहो, इकडे बघा. माझ्याकडे. त्या ट्रेकडे नको. वेळ मारून न्यायला हे काही दाढेचं दुखणं नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा अंगावर दिसायला लागला की डॉक्टर काय, मी काय, कोणाच्याच हातात काही राहत नाही. दिसायच्या आधी मात्र सगळं हातात असतं. आज आहे. त्या फ्रिजमध्ये ठेवलंय.

बाबा: कळतं हो मला. कळत नाही असं नाही. पण पायच पुढे पडत नाहीत.

भिंगरी: दिसायला लागलं की माणूस मरतो?

सिस्टर: हो, बाळ. म्हणून तर आधी टोचायचं. वेळेवर टोचलं की काळजी नाही.

भिंगरी: सगळ्यांनाच टोचायला लागतं?

सिस्टर: ज्यांना चावलंय त्या सगळ्यांना.

बाबा: पोटात ना?

सिस्टर: काय पोटात?

बाबा: सुया. माझ्या थोरल्या भावाला पोटात दिल्या होत्या. रोज एक. तो टेबलाखाली शिरायचा, मग चौघं जण त्याला ओढून काढायचे. कोणी पाय धरायचं, कोणी हात. मला बाहेर उभं करायचे, पण खिडकी होती ना. मी हिच्याएवढा असेन तेव्हा.

सिस्टर: पोटातल्या सुया कधीच्याच बंद झाल्या. आता दंडात देतो, एवढीशी असते. आज पहिली, मग ठरलेल्या दिवशी यायचं पुढच्यांसाठी. फक्त तुमची जखम खोल आहे, त्यामुळे आणखी एक औषध लागेल. ते जखमेच्या आत आणि कडेनेच भरतात.

बाबा: कडेने म्हणजे? चावलंय तिथेच?

सिस्टर: तिथेच. अहो. अहो, तुमचे ओठ पांढरे पडले. आडवे व्हा, आत्ताच्या आत्ता. भिंगरी, ती उशी दे.

भिंगरी: पायाखाली ना? मला माहितीय. बाबा, डोळे मिटू नको. माझ्याकडे बघ.

सिस्टर: तुला सवय दिसतेय याची.

भिंगरी: हो.

बाबा: बरं वाटतंय जरा. लाज वाटते हो, सिस्टर. कामावर कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. उंच इमारतींना बाहेरून रंग देतो मी. दोरीला टांगलेल्या फळीवर उभा राहून. खाली बघितलं तर गाड्या काडेपेटीएवढ्या दिसतात, तरी काही होत नाही. आणि सुई दिसली की हे असं.

सिस्टर: टोचताना काय करायचं, असं सांगितलंय आजवर तुम्हाला?

बाबा: हेच. अंग सैल सोडा, लांब श्वास घ्या. मी सैल सोडतो आणि धाडकन खाली येतो.

सिस्टर: येणारच. बाकीच्यांना ते ठीक आहे, तुमच्यासारख्यांनी सैल सोडायचं नसतं. सुई बघून तुमचं रक्त आधीच डोक्याकडून खाली उतरतं, त्यात अंग सोडलंत की आणखी उतरणार. मला सांगा, वाऱ्याने फळी हलली की काय करता?

बाबा: मांड्या आवळतो. पोट आत घेतो. ढुंगणसुद्धा... म्हणजे, सगळंच आवळतो.

सिस्टर: लाजू नका. माझा निम्मा जन्म ढुंगणांवर सुया देण्यात गेलाय. तेच करायचं इथे. तोंड गरम झाल्यासारखं वाटेपर्यंत आवळून धरायचं, मग थोडं सोडायचं. एकदम ढिलं नाही. पुन्हा आवळायचं. जिथे टोचते तेवढी जागा मोकळी ठेवा. करा बघू.

भिंगरी: बाबा, तू लाल झालास.

सिस्टर: लालच हवाय. पांढरा झाला की मला सांग. तुम्ही करत राहा, तोवर मी जखम पुन्हा धुते. कुत्रं मागून आलं का?

बाबा: समोरून. ही पुढे पळत होती, ते हिच्यावरच गेलं. मी मध्ये पाय घातला.

सिस्टर: म्हणजे हिच्यापर्यंत पोचलं नाही.

बाबा: छे. नखसुद्धा लागू दिलं नाही.

भिंगरी: सिस्टर, थोडंसंच चावलं तर?

सिस्टर: थोडंसं म्हणजे कसं?

भिंगरी: म्हणजे रक्त आलं आणि लगेच थांबलं. तर नाही ना मरत?

सिस्टर: भिंगरी, इकडे ये.

भिंगरी: मी असंच विचारलं.

सिस्टर: स्वेटर काढ, बाळ. बाहेर ऊन रणरणतंय, तुला घाम फुटलाय.

भिंगरी: नको. मला थंडी वाजते.

बाबा: काढ ना गं. तिचं काही नाही, सिस्टर. शाळेच्या गेटचा पत्रा लागलाय कोपराला, सकाळी म्हणाली मला.

सिस्टर: पत्र्याला दात नसतात. हे बघा. इथे एक, इथे एक. आणि हा खालचा.

बाबा: भिंगरे. हे काय आहे?

सिस्टर: आत्ता कोणी कोणाला काही विचारू नका. मी डॉक्टरांना बोलावून दाखवते, हिचंही औषध लिहून आणते. चल, आधी त्या काट्यावर उभी राहा, वजनावर औषध ठरतं. बरं. आता हात नळाखाली धर. साबण लाव आणि मी येईपर्यंत पाणी सोडून ठेव. तुम्ही पडून राहा. आणि तिच्यावर ओरडायचं नाही.

(सिस्टर बाहेर जातात. नळ चालू आहे.)

बाबा: का नाही सांगितलंस मला? बोल ना. आईला तरी सांगायचंस. सकाळी तिने तुझी वेणी घातली, तेव्हाही गप्प बसलीस?

भिंगरी: तूच म्हणालास, आईला सांगू नको.

बाबा: माझं सांगू नको म्हणालो. माझ्या पायाचं. तुला चावलंय हे मला कळलं असतं तर...

भिंगरी: तर तू मला इथे आणलं असतंस.

बाबा: उचलून आणलं असतं.

भिंगरी: आणि मग पडला असतास.

बाबा: काय म्हणालीस?

भिंगरी: मला ताप आला होता तेव्हा रक्त काढत होते. तू माझा हात धरला होतास. आणि पडलास. टेबलाचा कोपरा लागला तुला. सगळे तुझ्याकडे पळाले.

बाबा: ते किती जुनं झालं गं.

भिंगरी: मी हाका मारल्या, तू उठलाच नाहीस. सुई माझ्या हातातच होती. काढायला कोणी येईना. मग मी हात असा ताठ धरून बसले. मला वाटलं, मी हलले तर तू मरशील.

बाबा: हे मला कोणी सांगितलंच नाही. मी डोळे उघडले तेव्हा तू माझ्या पायाशी उभी होतीस. हसत होतीस.

भिंगरी: तू उठलास म्हणून हसले.

बाबा: तुला सुईची भीती वाटते का, भिंगरी? खरं सांग.

भिंगरी: थोडी वाटते. तू पडतोस त्याची जास्त वाटते. मला सुई टोचली की तू पडतोस. म्हणून मी ठरवलं, सांगायचंच नाही.

बाबा: पोरी, अगं जीव गेला असता तुझा.

भिंगरी: मरतात ते मला माहीत नव्हतं ना. आत्ता कळलं.

सिस्टर: पाणी चालू आहे ना? शाबास. डॉक्टर राउंडवर आहेत, दोघांचं त्यांनी लिहून दिलंय, जाता जाता हात बघून जातील. तुम्ही असे का बसलात? रडताय?

बाबा: नाही. हिला द्या. आधी हिला द्या, सिस्टर. मी धरतो. अजून कोणाला तरी हाक मारा, मी खांदे धरतो, ते पाय धरतील. एका झटक्यात उरकून टाका.

भिंगरी: नको. बाबा, नको धरूस. सोड मला. तू पडशील. नको ना.

सिस्टर: हात सोडा तिचा.

बाबा: तुम्हीच म्हणालात ना, जिवाचं आहे म्हणून?

सिस्टर: जिवाचंच आहे. आणि आजच्याने संपत नाही, तिला परत परत यायचंय. आज धरून टोचलं तर पुढच्या वेळी ती कुठल्या टेबलाखाली सापडेल? तुमच्या भावाचं काय झालं पुढे?

बाबा: तो अजून दवाखान्याची पायरी चढत नाही. छातीत दुखतं म्हणतो, पण चढत नाही.

सिस्टर: मग सोडा हात. कपाटामागे जातेय ना, जाऊ दे. तिथून कुठे जाणार आहे. भिंगरी, हे बघ, सुई मी ट्रेमध्ये ठेवली. माझे दोन्ही हात रिकामे आहेत. सुई तर लागणारच, त्यातून सुटका नाही. पण कशी, ते तू सांग.

भिंगरी: बाबाला बाहेर पाठवा.

सिस्टर: पाठवते. जा हो.

भिंगरी: नको. बाहेर पडला तर? तिथे त्याचे पाय कोण वर धरणार?

सिस्टर: मग आतच राहू दे.

भिंगरी: आत पण पडेल.

सिस्टर: आत नको, बाहेर नको. मग तुझ्या बाबाला काय खुंटीवर टांगू?

भिंगरी: मला नाही माहीत. बाबा, तू पडणार नाही असं वचन दे.

बाबा: दिलं. नाही पडणार.

सिस्टर: देऊ नका हो.

बाबा: काय बिघडतं? पोरीचं मन...

सिस्टर: देऊन पडलात तर? मग तिने कोणाचं काय ऐकायचं?

बाबा: खरंय. भिंगरी, ऐक. परत घेतो ते वचन. त्या रक्ताच्या वेळीही मी दिलं होतं, तुला आठवत असेल. मी सगळं अंग आवळून धरेन, जीव तोडून धरेन. पण पडणार नाही असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येत मला.

भिंगरी: मग मी पण नाही येणार बाहेर.

सिस्टर: बरं. बसू थोडा वेळ. पण फार वेळ नाही बसता येणार आपल्याला, भिंगरी. हे मी तुला आधीच सांगते.

बाबा: एक करू का?

सिस्टर: काय?

बाबा: मी खालीच बसतो. फरशीवर, भिंतीला पाठ लावून. हे बघ, बसलो. आता सांग, भिंगरी, इथून मी कुठे पडणार?

भिंगरी: बाजूला कलंडशील.

बाबा: कलंडलो तर वीतभर. तिकडची उशी आणून ठेव.

भिंगरी: दोन्हीकडे ठेवते.

बाबा: ठेव. दुसरीकडे तुझा स्वेटर ठेव.

सिस्टर: आणि मी कुठून टोचू? छतावरून?

बाबा: तुम्हालाही खाली बसावं लागेल, सिस्टर. माफ करा.

सिस्टर: माझे गुडघे बघितलेत का? उठताना दोघांनी मिळून ओढायचं मला. सरका. हं. बसले बाई एकदाची. आधी कोण?

भिंगरी: बाबा. मला बघायचंय.

सिस्टर: मग चला. फळी हलली, आवळा. दंड तेवढा मोकळा.

बाबा: मुंगी चावल्यासारखं ना?

सिस्टर: मुंगीची बदनामी नको. दंडातलं काही वाटणार नाही, झालं पण ते. पायातलं दुखेल. खोटं सांगितलं तर परत माझ्याकडे कोण येईल? पाय मोकळा, बाकी सगळं आवळा. टोचते.

बाबा: आई गं.

भिंगरी: आवळ, बाबा. आता थोडं सोड. थोडंच. परत आवळ.

सिस्टर: ओरडायचं तर ओरडा, पण ढिले पडू नका. अजून एक बाजू आहे. हं. आणि ही शेवटची. झालं तुमचं.

भिंगरी: बाबा?

बाबा: आहे. कानात गुणगुण होतेय, पण आहे मी.

भिंगरी: किती बोटं आहेत?

बाबा: तीन. एकाला शाई लागलीय.

सिस्टर: आता तुझी पाळी, भिंगरी. बघायचं की नाही बघायचं, ते तू ठरव. आणि तू थांब म्हणालीस की मी थांबेन.

भिंगरी: मी बाबाकडे बघणार.

सिस्टर: मग बस त्याच्या मांडीवर. तुम्ही धरायचं नाही हं. नुसतं जवळ घ्या.

बाबा: मांडी टणक लागेल तुला. आवळून ठेवलीय.

भिंगरी: चालेल.

सिस्टर: दंडातली देते. दिली. आता कोपराजवळची. ही जळजळेल, आत कोणीतरी दाबतंय असं वाटेल. तू सांगितलंस की देते.

भिंगरी: थांबा.

सिस्टर: थांबले.

भिंगरी: बाबा, तू सुईकडे का बघतोयस? नको बघू.

बाबा: त्या वेळी तू एकटीने बघत बसलीस. आज मी बघतो. तू माझं तोंड बघ.

भिंगरी: पांढरं होतंय.

बाबा: आवळतोय. आता?

भिंगरी: जरा बरं आहे. द्या, सिस्टर.

सिस्टर: देते.

भिंगरी: बाबा. बाबा. दुखतंय.

बाबा: हो, राणी. दुखतंय. मी आहे.

भिंगरी: थांबा. सिस्टर, थांबा.

सिस्टर: थांबले. सुई बाहेर काढली. निम्मं झालं, निम्मं राहिलं.

भिंगरी: बाबाचा आवाज लांबून आला. बाबा, काहीतरी बोल.

बाबा: बोलतोय ना.

सिस्टर: डोकं भिंतीला टेका. गुडघे वर घ्या आणि जोर लावा, अजून. भिंगरी, माझ्याकडे बघू नको, त्याच्याकडे बघ. रंग कसा आहे सांग मला.

भिंगरी: पांढरा. घाम आलाय. बाबा, फळी हलतेय, आवळ ना. अजून पांढरा आहे. थांबा. ओठ लाल होताहेत. हो. आला. रंग आला, सिस्टर.

बाबा: दिसतेस तू मला. नीट दिसतेस.

सिस्टर: उरलेलं देऊ का मग?

भिंगरी: द्या.

बाबा: मी बघतोय सुईकडे. गेली आत. आता अगदी थोडं राहिलंय. संपत आलं. संपलं, भिंगरी.

सिस्टर: संपलं. सुई गेली डब्यात. आता थोडा वेळ दोघंही इथेच बसा, मी बाकीच्यांना थांबायला सांगते. हात द्या मला कोणीतरी. नको, राहू दे, तुम्ही उठू नका. माझी मी उठते.

भिंगरी: बाबा, तू पडला नाहीस.

बाबा: नाही पडलो.

भिंगरी: आता नंतर पडशील का? घरी जाताना?

बाबा: आज सुया संपल्या. आता कशाला पडतोय मी.

भिंगरी: नक्की?

बाबा: नक्की. याचं वचन देतो.

भिंगरी: मग आता मी रडू?